बांधावरचा काळा धूर आणि इतर दोन पत्रं

गेल्या महिन्यात याच पानावर मी जुन्या प्लास्टिकचा दाणा (नव्या वस्तू बनवायचा कच्चा माल) कसा तयार होतो आणि त्या दाण्याची जळगावात चटई कशी विणली जाते, ते सांगितलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली तीन आज घेतो. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की जळगावच्या एमआयडीसीत मी २२ वर्षं दाण्याचं छोटं युनिट चालवलं. आता ते बंद केलंय. त्यामुळे जे सांगतो ते हाताखालून गेलेल्या मालाचं आहे.

प्रश्न : दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, असं मुलीच्या शाळेत सांगितलं. नखाएवढ्या तुकड्याने काय बिघडतं? (गृहिणी, धुळे)

शाळेने बरोबर सांगितलं. दुधाची पिशवी भंगारात चांगली खपते, कारण तिचं प्लास्टिक एकाच जातीचं असतं आणि धुतलं की लगेच स्वच्छ होतं. तो नखाएवढा तुकडा मात्र कुणी उचलत नाही. वेचणाऱ्या बाईच्या बोटांत तो येत नाही. गटारीतून तो पांझरा नदीला जातो आणि पुढे तापीला. कोपऱ्याला चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकू द्या. दूध ओतलं की पिशवी पाण्याने खळबळून दोरीवर टाका. आंबूस वासाच्या पिशव्यांचा ढीग उपसताना काय होतं ते मी पाहिलंय, म्हणून खळबळायला सांगतो.

प्रश्न : काका, आमची तीन एकरांत केळी आहे, एक एकर टरबूज. टरबूज निघालं की सासरे मल्चिंग पेपर (पिकाच्या गादीवाफ्यावर, म्हणजे बेडवर अंथरायचं पातळ प्लास्टिक), ठिबकच्या फुटक्या नळ्या, केळीच्या घडांच्या पिशव्या सगळं बांधावर गोळा करून पेटवतात. दोन दिवस धूर राहतो. माझा चार वर्षांचा मुलगा खोकून खोकून झोपत नाही. भंगारवाला नळ्या नेतो, पेपर नेत नाही. सासरे म्हणतात, मग करायचं काय, शेतात ठेवायचं का? (यावल तालुका)

ताई, ‘भंगारवाला पेपर नेत नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. न घेणाऱ्यांत मीसुद्धा होतो, म्हणून आधी त्याचं कारण सांगतो.

दाणा करताना माल आधी निवडतात, मग ग्राइंडरमध्ये त्याचा चुरा करतात, धुतात, वाळवतात आणि एक्स्ट्रुडर नावाच्या मशीनमध्ये वितळवतात. वितळलेला माल तारेच्या बारीक जाळीतून पुढे ढकलला जातो. मातीचा कण राहिला असेल तर तो या जाळीवर अडकतो. जाळी चोक झाली की मशीन थांबवायचं, जाळी बदलायची, पुन्हा तापवायचं. शेतातून आलेला मल्चिंग पेपर काट्यावर ठेवला तर माझ्याकडे निम्मं वजन मातीचंच निघायचं. तो धुवायला पाणी लागायचं, वाळवायला जागा लागायची. पहिली काही वर्षं ते गढूळ पाणी मी सरळ नाल्यात सोडलं. नाला पुढे कुणाच्या तरी विहिरीजवळून जात होता. पुढे तीन खड्ड्यांची टाकी बांधली, पाणी निवळून परत वापरायला लागलो, पण त्या आधीच्या वर्षांचं मला आजही वाईट वाटतं. मातीने भरलेला पेपर नको म्हणणारा भंगारवाला वाईट नाही, त्याला पुढे गिऱ्हाईक नसतं.

दुसरं कारण जाडी. टरबुजाला आपण साधारण २५ ते ३० मायक्रॉनचा पेपर वापरतो (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). दुकानातल्या पिशवीला केंद्राच्या नियमाने ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनची अट आहे, कारण जाड पिशवी टिकते आणि तिला उचलणारा भेटतो. शेतीच्या पेपरला ती अट नाही, तो तिच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा असतो. उन्हात एक हंगाम काढला की ओढताना त्याचे तुकडे होतात. उरलेले तुकडे नांगरात जातात, मातीत कुजत नाहीत, दरवर्षी त्यांत भर पडते. काही शेतांत माती उकरली की काळ्या चिंध्या वर येतात, तुम्हीही पाहिल्या असतील.

आता धुराचं. मल्चिंग पेपर जळताना काजळी सुटते आणि कार्बन मोनॉक्साइडही. चार वर्षांच्या मुलाच्या छातीला ती काजळी पुरेशी आहे, त्याला आधी डॉक्टरांना दाखवा. पण त्या ढिगात पीव्हीसीचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, पाइप असला तर गोष्ट आणखी वाईट होते. पीव्हीसीत क्लोरीन असतं. ते जळताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. त्याशिवाय डायऑक्सिन नावाची विषं तयार होतात. ती राखेबरोबर गवतावर बसतात, गवत म्हैस खाते, आणि ही विषं चरबीत साठत असल्यामुळे दुधाच्या स्निग्धांशात उतरतात. सासऱ्यांना मुलाच्या खोकल्याबरोबर हेही सांगा. बांधावरचं गवत आपलंच जनावर खातं आणि ते दूध तोच मुलगा पितो.

मग करायचं काय, हा सासऱ्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

पीव्हीसी ओळखायला बादलीभर पाणी पुरे. प्रत्येकाचा छोटा तुकडा टाका, बोटाने बुडवून सोडा. ठिबकची नळी आणि मल्चिंग पेपर वर तरंगतील. ठिबकच्या नळ्यांना पाणी आणणारा मेनलाइनचा, सबमेनचा पीव्हीसी पाइप तळाला जाईल. केळीच्या घडाच्या पिशव्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या असतात, त्याही तरंगतात, पण त्यांची जात वेगळी. चार गोण्या करा : नळ्या एकीत, पाइप दुसरीत, घडाच्या पिशव्या तिसरीत, पेपर चौथीत. एकत्र आलेल्या मालाला सगळ्यात हलक्या जातीचा भाव मिळतो, निवडून आलेल्याला ज्याचा त्याचा.

पेपर काढायची वेळ महत्त्वाची. टरबुजाचे वेल कापून वाळू द्या. पाणी बंद करून बेड कोरडा होऊ द्या, ओली काळी माती चिकटून बसते. आधी लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, ओढून घ्या, मग पेपरच्या दोन्ही कडा फावड्याने मोकळ्या करा. दोघांनी दोन टोकं धरून उचला, जोरात झटका आणि जुन्या बांबूला गुंडाळत चला. एवढ्याने बरीच माती शेतातच राहते, जी तुमच्याच शेताची आहे. गुंडाळी सावलीत ठेवा. उन्हात पडली तर तिचा चुरा होईल आणि मग कुणीच नेणार नाही. पुढच्या वर्षी पेपर घेताना ३० मायक्रॉनच्या खाली जाऊ नका. थोडे पैसे जास्त लागतील, पण तो अखंड निघतो.

वजनाचाही हिशेब करू. चारशे मीटर लांब, चार फूट रुंद, २५ मायक्रॉनचं एक बंडल साधारण ११ किलो भरतं. एकराला पाच बंडलं धरली तर ५५ किलो. एवढ्यासाठी कुणी टेम्पो आणत नाही. गावात टरबूज, मिरची, टोमॅटो लावणारे पंधरा-वीस जण असतील. सगळ्यांचा झटकलेला पेपर एका खळ्यात जमा झाला तर टेम्पो भरतो. मग जळगावच्या दाणावाल्याला फोन केला की तो स्वतः येतो. मी असं जमा झालेल्या मालासाठी रावेरपर्यंत गेलोय. हा दाणा काळाच निघतो, त्याची पुन्हा काळी नळी किंवा पाइप होतो. चटईला पॉलिप्रॉपिलीन लागतं, म्हणून घडाच्या पिशव्या वेगळ्या ठेवायला सांगितल्या.

औषधांच्या बाटल्या यातल्या कुठल्याही गोणीत टाकू नका. फवारणीचं मिश्रण करतानाच बाटली तीनदा खळखळून धुवा, ते पाणी पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वेगळी ठेवा. तेल-रॉकेल ठेवायला ती वापरणारी घरं मी पाहिली आहेत. तसं कधीही करू नका.

प्रश्न : रेल्वेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. घरात आम्ही ओला-सुका वेगळा करतो. घंटागाडीवाला दोन्ही एकाच कप्प्यात ओततो. मग आम्ही हा खटाटोप कशाला करायचा? (भुसावळ)

भाऊ, तुमचा राग मला पटतो. २०१६ साली घनकचऱ्याचे नियम आले तेव्हाच घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करायचा, असं ठरलं. तुम्ही तुमची बाजू पाळता, पुढची पाळली जात नाही. याची लेखी तक्रार वॉर्डातल्या चार घरांनी मिळून करा, एकट्याने करू नका.

पण खटाटोप सोडू नका. तो वाया जात नाही, हे मी दुसऱ्या टोकाला उभं राहून पाहिलंय. माझ्याकडे निवडायला सहा बाया होत्या. एकदा भाताने आणि आमटीने माखलेल्या पिशव्यांचा माल आला. दुपारी जेवायला बसल्यावर पारोळ्याकडच्या एक आजी म्हणाल्या, “भाऊ, हातना वास जात नही, भाकर गोड लागत नही.” त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही. हातमोजे आणि गरम पाण्याची सोय मी युनिट काढल्यावर सातव्या वर्षी केली. पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

तुमच्या हातात एक गोष्ट पूर्ण आहे. ओला कचरा गाडीला देऊच नका. आपल्याकडे घरच्या कचऱ्यात साधारण निम्मा ओलाच असतो. तो घरी थांबला की गाडीत जाईल ते सुकं आणि स्वच्छ, ते कशातही मिसळलं तरी तुमच्यामुळे घाण होणार नाही. मिसळलेला ओला कचरा ढिगाखाली हवेशिवाय कुजतो तेव्हा मिथेन वायू होतो. आपल्या वैशाखात अशा ढिगाला आग लागली की आठवडाभर धुमसते. ढिगातून झिरपणारं काळं पाणी खाली जमिनीत जातं. कचरा डेपोशेजारच्या वस्तीतल्या माणसाला हापशाचं पाणी प्यायचं असतं. तो कचरा त्याने केलेला नसतो.

घरामागे निंब असेलच, भुसावळात निंबाची वाण नाही. एक जुना ड्रम घ्या, बाजूंना आणि बुडाला भोकं पाडा, सावलीत विटांवर ठेवा. खाली सुका पालापाचोळा, वर दिवसभराची सालं आणि देठं, पुन्हा मूठ-दोन मूठ पाला. सुरुवातीला थोडं शेण किंवा आंबट ताक शिंपडलं की काम लवकर सुरू होतं. वास आला तर समजा पाणी जास्त झालंय, पाला वाढवा आणि काडीने हलवा. तुमच्याकडच्या मे महिन्यात उलटं होतं, सगळं वाळून जातं आणि कुजणं थांबतं. तेव्हा रोज सकाळी हाताने पाणी शिंपडा. मूठभर घेऊन दाबलं तर पिळून काढलेल्या फडक्याएवढा ओलावा असावा. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारखं वास येणारं खत हाताला लागेल. केळीची सालं चांगली बारीक करून टाका, त्यांत पालाश भरपूर असतं.

सुका कचरा गाडीऐवजी थेट वेचणाऱ्या बाईला देता आला तर उत्तम. तुमच्या गल्लीत कुणीतरी येतच असणार, सकाळी लवकर, गोणी घेऊन. तिला विचारा कोणत्या वारी येते. त्या दिवशी पुठ्ठा, पिशव्या, बाटल्या वेगळ्या बांधून ठेवा. ज्या मालासाठी ती उकिरड्यात हात घालते तो तिला तुमच्या ओट्यावर कोरडा मिळेल, आणि तिची दीड-दोन तासांची पायपीट वाचेल. पाणी विचारा, उन्हाळ्यात तर नक्कीच.

मुदत संपलेल्या औषधाच्या गोळ्या, संपलेले सेल, ट्यूबलाइट तिला देऊ नका, ते वेगळ्या डब्यात साठवा. आणि काच फुटली तर जाड कागदात गुंडाळा, सुतळीने बांधा, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहा. तिला वाचता येत नसेल तर तोंडाने सांगा.