श्रावण पाळायला गेले आणि भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या

प्रश्न: डॉक्टर, आमचे मिस्टर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला आहेत. रोज रात्री देशी घेतात, आता तर सकाळी ड्युटीला जायच्या आधी पण थोडी लागते. गेल्या वर्षी गटारी झाल्यावर म्हणाले श्रावण पाळतो, सासूबाई खूश, पण दुसऱ्या दिवशी हात एवढे थरथरायला लागले की चहाची बशी धरता येईना आणि तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चढल्यात म्हणून झटकत बसले. बाहेरचं काहीतरी असणार असं सगळे म्हणायला लागले, शेवटी दिरांनी क्वार्टर आणून पाजली तेव्हा शांत झाले. आता जाऊबाईंनी कुठनं तरी पावडर आणलीय, तांबड्या रश्श्यात घातली तर कळत पण नाही म्हणे. देऊ का?
- एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर: ताई, ती पावडर आधी टाकून द्या. असल्या पुड्यांत काय असतं ते विकणारा सांगत नाही, आणि त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असलं आणि मिस्टर त्यावर दारू प्यायले, तर तोंड लालबुंद होणं, उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, असं काहीही होऊ शकतं, जीवावर पण बेतू शकतं. हे औषध आम्ही पण देतो, पण लिव्हर तपासून, पेशंटला सगळं सांगून, त्याची तयारी असेल तरच. गोळी बंद केल्यावर पण दोन आठवड्यांपर्यंत त्याचा असर राहू शकतो. गुपचूप द्यायचं हे औषधच नाही.

आता त्या मुंग्या. बाहेरचं असतं तर ते क्वार्टरचं कशाला ऐकलं असतं? दारू मेंदूला रोज ब्रेक लावते म्हणून मेंदू पण वर्षानुवर्षं ॲक्सिलरेटर दाबून चालायला शिकतो, आणि ब्रेक एकदम सुटला की गाडी बेफाम सुटते. थरथर बहुतेक पहिल्याच दिवशी सुरू होते, फिट साधारण पहिल्या दोन दिवसांत येऊ शकते, आणि दोन-चार दिवसांनी काहींना भास, ताप, घाम, कुठं आहे तेच कळत नाही असं होतं. ते शेवटचं झालं तर ताबडतोब ॲडमिट, कारण उपचार नाही मिळाले तर माणूस जाऊ शकतो. म्हणजे मिस्टरांचा श्रावण पाळायचा विचार चांगलाच होता हो, पण रोज सकाळी लागणाऱ्या माणसानं घरच्या घरी एकदम बंद करायची नाही.

श्रावणाच्या आधीच सीपीआरच्या, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या, मानसोपचार ओपीडीत न्या. आठवडाभराच्या गोळ्या कमी कमी करत देतात, सोबत बी-वन व्हिटॅमिन. आणि एक लक्षात ठेवा, गल्लीतल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावायला निघाले तर आधी सांगा की हे रोज पितात, कारण अशा पेशंटला बी-वन आधी द्यायला लागतं. लाजून हे लपवतात आणि घोटाळा तिथंच होतो.

लाजण्यासारखं काही नाही हो. केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या आणि 2019 ला आलेल्या सर्व्हेत दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो असं निघालं, बाकीचे श्रावण, शपथा आणि पावडरीच करत बसतात.

मिस्टर यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या ओपीडीत जा, आम्ही घरच्यांशी पण बोलतो. 14446 हा सरकारी फ्री नंबर आहे, त्यावर पण विचारता येतं. आणि दिरांना सांगून ठेवा, पुन्हा भास व्हायला लागले तर क्वार्टर आणायला पळू नका, रिक्षा बोलवा.