दुपारच्या मालिकांवर माणसे एवढी चर्चा का करतात?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. मालिकांमधील वळणे आणि सासू-सुनांची, भावाभावांची भांडणे यांवर माणसे तासन्‌तास कशी बोलू शकतात. त्यांना कथेतील अतर्क्यता दिसत नाही काय. आणि या नादामुळे घरातील कलह वाढत नाहीत काय. पहिल्या दोहोंची उत्तरे मी थोडक्यात देतो. तिसऱ्यावर मला सविस्तर लिहावे लागेल, कारण आमच्या भावकीतील प्रत्येक लग्नकार्यात हाच प्रश्न माझ्यावरील आरोप म्हणून उपस्थित केला जातो.

मी परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी दस्तलेखक आहे. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र लिहिणे हा माझा व्यवसाय. दुपारी जेवायला घरी गेलो की आईसोबत मालिका पाहतो आणि त्यावर बोलतोही. याची मला लाज वाटत नाही.

अतर्क्यता सर्वांना दिसते. ‘होणार सून मी ह्या घरची’मधील जान्हवीचे गरोदरपण लांबले तेव्हा राज्यभर जे विनोद फिरले, ते मालिका न पाहणाऱ्यांनी रचले होते असे आपल्याला वाटते काय? ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 या काळात तीन हजारांहून अधिक भाग चालली. आठवड्याला पाच-सहा भाग आणि प्रत्येक भागात जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचे कथानक द्यायचे, शिवाय टीआरपीचे आकडे आठवड्याच्या आठवड्याला येणार, अशा अवस्थेत कोणत्याही लेखकाला स्मृतिभ्रंश, जुळा भाऊ आणि दाराआडून ऐकलेले अर्धे वाक्य यांचा आधार घ्यावाच लागतो. प्रेक्षकांना हे ठाऊक असते. ‘आई कुठे काय करते’ ही बंगाली ‘श्रीमोयी’वरून घेतलेली असल्यामुळे आमच्या गल्लीतील एका कॉलेजकन्येने पुढची कथा शोधून आधीच सांगून टाकली होती. त्यामुळे कोणाचेही पाहणे थांबले नाही. पुढे काय होणार हे कळले, तरी जे झाले ते योग्य की अयोग्य, हा वाद शिल्लक राहतोच, आणि खरी गोडी त्या वादात असते.

आमच्याकडे या चर्चेला आणखी एक कारण होते, जे पुण्या-मुंबईच्या मंडळींना सुचणार नाही. भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यातील गावांत वीज कधी जाईल याचा भरवसा नसे, आणि ती नेमकी मालिकेच्या वेळी जाई. दुसऱ्या दिवशी दुपारच्या पुनःप्रक्षेपणालाही वीज नसली, तर ज्या गल्लीत ती होती तेथील बाईकडून राहिलेली कथा ऐकावी लागे. सांगणारी आपल्या मताची फोडणी घातल्याशिवाय थोडीच सांगणार! ‘लाईट गेल्ती, काय झालं पुढं?’ या एका प्रश्नातून आमच्या ओसरीवरची बैठक सुरू झाली आणि वीज सुधारल्यावरही ती मोडली नाही.

आता तिसरा प्रश्न. माझी आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, जिंतूर तालुक्यात दिलेली आहे. आजोबांच्या नावावरची जमीन वारसाने वडील, काका आणि आत्या अशा तिघांकडे आली होती, परंतु आत्याचे नाव, बहुतेक बहिणींचे असते तसे, सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात पडून होते. माझ्या थोरल्या चुलतबंधूंना, ज्यांना मी दादा म्हणतो, विहिरीसाठी आणि कर्जासाठी उतारा स्वच्छ हवा होता. त्यांनी आत्याचे हक्कसोडपत्र करायचे ठरवले आणि मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी तो लिहिला. त्याचा मेहनताना घेतला नाही.

नोंदणीच्या आदल्या दिवशी आत्या आमच्याकडे मुक्कामी आली. ते दिवस ‘आई कुठे काय करते’मधील अरुंधती आणि तिचा नवरा अनिरुद्ध यांच्या घटस्फोटाच्या कथानकाचे होते. दुपारी ओसरीवर नेहमीच्या बायका जमल्या. 25 वर्षे ज्या ‘समृद्धी’ बंगल्यात राबली, तो अरुंधतीने सोडावा की नाही, हा विषय निघाला. शेजारच्या काकू, ज्या अंगणवाडीतून निवृत्त झाल्या आहेत, म्हणाल्या की बाईने उंबरा सोडला की तिची बाजू संपली. आईचे म्हणणे असे की जिथे मान नाही तिथे राहू नये. अरुंधतीच्या सासूबाई कांचनआई मुलाची बाजू घेतात म्हणून त्यांना नावे ठेवून झाली, आणि आप्पांसारखा सासरा खऱ्या आयुष्यात कोणी पाहिला आहे काय, यावर बराच वेळ गेला. आत्या गुडघ्यावर कापूस घेऊन वाती वळत होती. तिने मध्येच हात थांबवून एवढेच विचारले, “जाऊ दे घर सोडून. पर कागदावर काय लिहून द्यायलीय ती?”

बैठकीतल्या कोणालाही उत्तर देता आले नाही, कारण मालिकेतले कागद कधी कोणी वाचून दाखवीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात आम्ही सगळे हजर होतो. ओळख पटवणारे दोन साक्षीदार आले होते, संगणकावर माहिती भरून झाली होती. छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा घेण्यासाठी आत्याला कॅमेऱ्यासमोर बसवले आणि अधिकाऱ्यांनी रीतीप्रमाणे विचारले की दस्तातील मजकूर मान्य आहे का. आत्या म्हणाली, “मजकूर वाचला कुणी? आधी वाचून दाखवा मला.” मी वाचू लागलो. ‘मी माझ्या स्वखुशीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता व कोणताही मोबदला न घेता’ या ठिकाणी, जे वाक्य मी आयुष्यभर लिहीत आलो आहे आणि ज्याकडे लिहून देणारी व्यक्ती कधीही लक्ष देत नाही, तिने मला थांबवले. “मोबदला न घेता? हे कधी ठरलं रे बाबा? माझ्यासमोर तर कुणी बोललं नाही.” दादांनी तिला बाजूला नेऊन समजावण्याचा प्रयत्न केला. तिने चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि उठली. दस्त झाला नाही.

बाहेर चहाच्या टपरीपाशी दादा माझ्यावर कडाडले. ‘तुमच्या घरच्या त्या टीव्हीनं म्हातारीचं डोकं फिरवलं,’ असे ते म्हणाले, आणि तेच वाक्य ते अद्याप म्हणतात. मी आत्याला पढवले, अशी पुस्ती त्यांनी नंतर जोडली. मी पढवले नव्हते. मालिकेनेही पढवले नव्हते. आत्याला स्वतःच्या भाच्याविषयी माहेरच्या ओसरीवर एक शब्द काढता येत नव्हता, कारण तसा शब्द काढणाऱ्या बहिणीला आमच्याकडे पुढच्या दिवाळीचे बोलावणे येत नाही. अरुंधतीविषयी मात्र तिला वाटेल ते विचारता आले. बायका अनिरुद्धला शिव्या देतात तेव्हा त्यांतल्या निम्म्या शिव्यांचा धनी कोणी वेगळाच असतो, आणि बैठकीतल्या प्रत्येकीला तो कोण हे माहीत असते. माणसे मालिकांवर एवढे का बोलतात, या आपल्या प्रश्नाचे माझ्याकडचे उत्तर हे आहे.

दादांचा दुसरा मुद्दा असा की लग्न झालेल्या बहिणीला जमिनीत काही नसतेच, तिचा वाटा असतो हे मालिकावाल्यांनी काढलेले खूळ आहे. हे साफ चूक आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वडिलांची प्रथम वर्गाची वारस झाली. महाराष्ट्राने 1994 साली, 22 जूनपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळून, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहदायकाचा, म्हणजे मुलासारखाच हिस्सेदाराचा, हक्क दिला. केंद्राने 2005 साली तो देताना लग्नाची अट ठेवली नाही. आणि वडील 2005 मध्ये हयात असोत वा नसोत, हा हक्क मुलीला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी सांगितले. आत्याचा वाटा तर या सगळ्याच्या आधीचा, 1956 च्या कायद्यातलाच आहे. आजोबा त्या कायद्यानंतर आणि मृत्युपत्र न करता वारले. दादांना हे मी तोंडी अनेकदा सांगितले आहे. येथे लिहून ठेवतो.

मालिकांनी खूळ घातलेच असेल, तर ते बरोबर उलट्या दिशेचे आहे. मालिकेत खलनायिका कोऱ्या कागदावर सही घेते आणि जाहिरात संपेपर्यंत बंगला तिच्या नावावर होतो. प्रत्यक्षात स्थावर मिळकतीच्या हक्कसोडपत्राला नोंदणी लागते, लिहून देणाऱ्याला अधिकाऱ्यासमोर कबुली द्यावी लागते, त्यानंतर तलाठी फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, धरतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस जातात आणि मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मालिकेतला बाप मुलाला ‘मी तुला मालमत्तेतून बेदखल करतो’ असे गरजून सांगतो. वडिलोपार्जित मिळकतीतून असे कोणालाही गरजून बाहेर काढता येत नाही. या दृश्यांमुळे माझ्या टेबलापाशी येणारी माणसे एकतर नको तेवढी घाबरलेली असतात किंवा नको तेवढी निर्धास्त असतात. मालिकांवरचा माझा खरा आक्षेप हा आहे. मराठवाड्याची बोली त्यांना फक्त गड्याच्या किंवा विनोदी पाहुण्याच्या तोंडीच आठवते, हा दुसरा.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. सगळ्याच बैठका आमच्या ओसरीसारख्या नसतात. सासूच्या प्रत्येक वाक्यात डाव शोधणाऱ्या सुना आणि सुनेच्या फोनवर कान ठेवणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना ती दृष्टी काही अंशी पडद्यावरूनच मिळाली असावी. जेथे आधीच बोलणे बंद आहे, त्या घरात रोज दुपारी कारस्थाने पाहून भले होत नाही. परंतु आपल्या घरातील चर्चा कोणत्या प्रकारची आहे हे तिच्यापासून दूर बसून कळत नाही. चार दिवस त्या मंडळींत बसा आणि कोण कोणत्या पात्राच्या बाजूने बोलते तेवढे पाहा. शंका आली तरी लगेच विचारू नका.

आपल्या घरात कोणाचे हक्कसोडपत्र व्हायचे असेल, तर मसुदा दोन दिवस आधी घरी मागवा, मोबदल्याचे वाक्य वाचा, आणि जे तोंडी ठरले असेल ते त्यात आले आहे का ते पाहा. मुद्रांक पूर्वी 200 रुपयांचा होता, आता 500 रुपयांचा लागतो. त्यापेक्षा अधिक खर्च कोणी सांगत असेल तर तो कशाचा, हे विचारा. आपण हे विचारले नव्हते, तरी सांगतो.

आत्याच्या वाट्याचे पुढे वाटणीपत्र झाले. ती जमीन दादाच ठोक्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर, करतात आणि सोयाबीन विकले की कुरकुरत का होईना पैसे पोहोचवतात. त्यांना हे उत्तर कोणीतरी दाखवीलच. माझ्या आईच्या टीव्हीवर ठेवलेला ठपका त्यांनी मागे घ्यावा, एवढीच अपेक्षा आहे. आत्याचे नाव आता इतर अधिकारांत नाही, भोगवटादाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या, रकान्यात आहे. खात्री करायची असेल तर महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून पाहावे. नोंद प्रमाणित आहे.