चावी ज्याची त्याच्या नावाने

प्रश्न: कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमची औषधांच्या घाऊक वितरणाची कंपनी आहे. साठा, बॅच, एक्स्पायरी, दर हा सगळा डेटा आता मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर क्लाउडवर आहे. म्हापशापासून काणकोणपर्यंतची मेडिकल दुकानं, एक अ‍ॅपवाले आणि आमचे अकाउंटंट, सगळ्यांना तो थेट हवाय. शेठ म्हणतात, डेटाबेसचा फक्त वाचण्यापुरता पासवर्ड देऊन टाक. क्लाउडचा व्हेंडर म्हणतो, एपीआय मॅनेजमेंट घ्या, पुढचं आपोआप होतं. आयटी मी एकटीच बघते. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: ताई, व्हेंडरचं ऐका, पण त्याचं ‘आपोआप’ सोडून. एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून डेटा मागायची ठरलेली वाट.

पासवर्डाचा विषय आधी संपवू. तो दिला की तुमच्या टेबलांची रचनाच समोरच्याच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन बसते. उद्या तुम्ही एका कॉलमचं नाव बदललंत की काणकोणात कुणाचं तरी बिलिंग बंद पडणार. शिवाय महिनाअखेरीला एखाद्याने वर्षभराची विक्री ओढणारी क्वेरी लावली तर तुमचीच बिलं अडकतील. शेठना हे एवढंच सांगा, त्यांना पटेल.

आता गेटवे, म्हणजे सगळ्या विनंत्या ज्यातून आत येतात ते दार. अझ्युअर एपीआय मॅनेजमेंटमध्ये ‘प्रॉडक्ट’ म्हणजे एकत्र देऊ केलेल्या एपीआयचा गठ्ठा, आणि ‘सबस्क्रिप्शन’ म्हणजे तो वापरायची परवानगी. प्रत्येक सबस्क्रिप्शनला स्वतःची चावी (की) मिळते. माझा सगळा आग्रह इथेच आहे: प्रत्येक दुकानाला, अ‍ॅपवाल्यांना, अकाउंटंटना वेगळं सबस्क्रिप्शन द्या. ‘सगळ्यांना एकच की पाठवते, नंतर बघू’ असं अजिबात करू नका.

पणजीत मी हॉटेल बुकिंगच्या एका एपीआयचं काम बघायचे. मी रुजू होण्याआधीच तिथे सगळ्या एजंटांना एकच चावी वाटलेली होती. जुनी आवृत्ती बंद करायची वेळ आली तेव्हा लॉगमध्ये विनंत्या येताना दिसत, पण कुणाच्या ते कळायला मार्ग नव्हता. फोन कुणाला करायचा? मी असेपर्यंत तरी ती जुनी आवृत्ती चालूच राहिली आणि प्रत्येक दुरुस्ती दोन्हीकडे करावी लागली. एपीआय प्रसिद्ध करणं एका दुपारचं काम आहे. ती वर्षानुवर्षं सांभाळायची तर पलीकडे कोण आहे ते ठाऊक हवं, आणि ते पहिल्या दिवशी ठरवलं नाही तर नंतर शोधून सापडत नाही.

चाव्या वेगळ्या असल्या की मर्यादाही ज्याची त्याला लावता येते. पावसाळ्यात वीज जाते, इंटरनेट तुटतं, परत येतं, आणि सगळ्या दुकानांची सॉफ्टवेअरं एकदमच साठा मागू लागतात. त्यासाठी रेट लिमिटची, म्हणजे थोड्या वेळात किती विनंत्या चालतील त्याची पॉलिसी (नियम) लावा. मर्यादा ओलांडली की ४२९ या कोडचं उत्तर जातं आणि किती वेळाने परत यायचं तेही त्यात सांगता येतं. कोटा वेगळा, तो महिन्याचा वगैरे असतो, आणि संपला की ४०३ जातो. दोन्हींतला फरक दुकानांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना लेखी कळवा, नाहीतर ४०३ बघून ‘आमची की चालत नाही’ म्हणून तुम्हालाच फोन येतील. अपयश आलं तर दर वेळी थांबण्याचा वेळ वाढवा आणि त्यात थोडा कमीजास्तपणा ठेवा, हेही त्यांना सांगा. सगळे नेमक्या तीस सेकंदांनी परत आले तर पुन्हा तीच गर्दी.

एक लक्षात असू द्या. सबस्क्रिप्शनची चावी कुठलं सॉफ्टवेअर आलंय ते सांगते, कुठला माणूस ते नाही. अ‍ॅपमधून माणसं लॉगिन करणार असतील तर माणसागणिक परवानगी देणारी ओऑथ २.० ही पद्धत लागेल. आणि पेशंटचं नाव, डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन यातलं काही या एपीआयमध्ये येऊच देऊ नका. साठा कळायला त्याची गरज नाही, आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच.

कोड लिहायच्या आधी ओपनएपीआयच्या (एपीआयचं वर्णन लिहायच्या ठरलेल्या) नमुन्यात करार, म्हणजे काय मागता येईल आणि काय मिळेल ते, लिहून काढा आणि एखाद्या दुकानाच्या सॉफ्टवेअरवाल्याला दाखवा. गेटवेवर खोटं उत्तर देणारी मॉक पॉलिसी असते, तिच्यावर त्याला काम सुरू करता येतं. या करारात जीव ओता. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. बॅच नंबर ‘००४१२’ असेल आणि तो संख्या म्हणून पाठवलात तर पुढची शून्यं जाऊन ४१२ उरतं. ‘१२ई५’ असा, मधे इंग्रजी ई असलेला बॅच नंबर एक्सेलमध्ये उघडला की तो बारा लाख होतो. उद्या कंपनीने ती बॅच बाजारातून परत मागवली तर दुकानात ती सापडणारच नाही, आणि औषध गिऱ्हाइकाच्या हातात जाईल. म्हणून बॅच नेहमी मजकूर म्हणून. साठ्याच्या आकड्यासोबत एकक हवंच: १२ म्हणजे बारा स्ट्रिप की बारा बॉक्स? तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, वेळेसोबत +०५:३०. गावाच्या नावावर दुकान ओळखू नका, कारण कुणी मडगाव लिहितं, कुणी मारगाव, कुणी डिचोली तर कुणी बिचोली. दुकानाला तुमचा स्वतःचा कोड द्या, पिनकोड त्याच्या जोडीला. आणि ‘कालपासून काय बदललं’ असं विचारल्यावर काढून टाकलेली औषधंही ‘काढली’ अशी खूण करून पाठवा. नुसती गाळलीत तर दुकानात ती कायम दिसत राहतील.

पुढे बदल होतीलच. नवं फील्ड जोडणं म्हणजे ‘रिव्हिजन’, त्याने कुणाचं बिघडू नये. फील्ड काढणं किंवा त्याचा अर्थ बदलणं म्हणजे नवं ‘व्हर्जन’, आणि जुनं काही महिने सोबत चालू ठेवायचं. बंद करण्याची तारीख उत्तराच्या सनसेट हेडरमध्ये, म्हणजे उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत घाला (२०१९ पासून त्याची लेखी व्याख्या आहे), पण त्यावर थांबू नका. लॉगमध्ये जुन्या आवृत्तीवर कुणाच्या चाव्या उरल्यात ते बघून त्यांना फोन करा. आणि ती तारीख चवथीच्या आठवड्यात ठेवू नका, सॉफ्टवेअरवाला गावी गेलेला असतो.

खर्चाचं थोडक्यात: डेव्हलपर टियर (दरपातळी) स्वस्त आहे, पण तो चाचणीसाठी, त्याला एसएलए, म्हणजे सेवा चालू राहण्याची लेखी हमी नाही. कन्झम्प्शन टियरमध्ये वापराइतकेच पैसे, पण डेव्हलपर पोर्टल, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांना एपीआयची माहिती बघायची वेबसाइट, मिळत नाही.

प्रश्न: आमच्या एपीआयची की चुकून सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोड ठेवायच्या जागेत) गेली. फाइल लगेच काढली. पुरे का?
– विद्यार्थी, म्हापसा

उत्तर: नाही. फाइल काढली तरी गिटच्या, म्हणजे कोडचे बदल नोंदवणाऱ्या प्रोग्रॅमच्या इतिहासात की राहते, आणि मधल्या वेळात कुणी ती उचललीही असेल. की बदलाच. अझ्युअरमध्ये प्रत्येक सबस्क्रिप्शनला प्रायमरी आणि सेकंडरी अशा दोन चाव्या असतात. प्रायमरी फुटली असेल तर आधी तुमचा प्रोग्रॅम सेकंडरीवर वळवा, तो चालतोय ना बघा, आणि लगेच प्रायमरी नव्याने तयार करा. सेवा एक मिनिटही बंद पडत नाही. त्यानंतर फुटलेल्या काळातले लॉग उघडून, ओळखीचे नसलेले आयपी पत्ते तपासा.