रात्री वाजणारा फोन आणि इतर प्रश्न

या वेळच्या पत्रांत सॉफ्टवेअरवाले आणि त्यांच्या घरची माणसं यांचा भरणा आहे. त्यांतली पाच घेतली आहेत. नावं कोणाचीच छापत नाही, कारण मॅनेजर मंडळीही हे सदर वाचतात.

प्रश्न : ताई, मी बॅकएंड (सर्व्हरकडच्या बाजूची) डेव्हलपर आहे. टीममध्ये आम्ही तिघंच, त्यामुळे दर तिसऱ्या आठवड्याला ऑन-कॉल, म्हणजे सिस्टिम बिघडली तर रात्री-अपरात्रीही उठून बघायची पाळी, माझ्याकडे येते. त्या आठवड्यात रात्री एकदोनदा तरी फोन वाजतोच. मुलगी चार वर्षांची आहे, माझ्याजवळ झोपते. बिघाडाच्या अलर्टचा आवाज आला की ती दचकून उठते आणि मी लॅपटॉप घेऊन बाहेर गेले की रडायला लागते. मग नवरा तिला घेऊन बसतो. दुसऱ्या दिवशी तिघंही चिडलेले. नवरा म्हणतो, ‘कोडिंग सोड, टेस्टिंगमध्ये नाहीतर डॉक्युमेंटेशनमध्ये जा.’ सासूबाई म्हणतात, मुलगी मोठी झाली की सुटेल. मला कोडिंग सोडायचं नाही. काय करू?

उत्तर : मुलगी मोठी होईल; सिस्टिमही होईल, आणि तिच्याबरोबर अलर्टही वाढतील. तेव्हा वाट बघण्यात अर्थ नाही. आणि टेस्टिंग म्हणजे निवांत काम, असं यजमानांना कोणी सांगितलं? रिलीजच्या आदल्या रात्री टेस्टर किती वाजता झोपतो ते एकदा चौकशी करून बघायला सांगा.

तुमच्या पत्रात नवरा आहे, सासूबाई आहेत, मुलगी आहे. मॅनेजरचं नाव एकदाही नाही. दुखणं ऑफिसातलं आणि औषध मात्र सगळं घर घेतंय.

आधी तिघांचं गणित बघू. गूगलने आपल्या साइट रिलायबिलिटी (सेवा अखंड चालू ठेवणाऱ्या) टीमची कार्यपद्धती २०१६ साली जाहीर केली. तिच्यात म्हटलंय की एकाच ठिकाणच्या टीमने चोवीस तास ऑन-कॉल सांभाळायचा असेल, तर निदान आठ माणसं हवीत. एक मुख्य, एक जोडीला, आठवड्याची पाळी, म्हणजे प्रत्येकावर महिन्यातून एक आठवडा येतो. बारा तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त घटना नकोत, कारण एक घटना निस्तरून तिचं मूळ शोधून लिहून काढायला सहाएक तास जातात असा त्यांचा हिशेब आहे. तुमची कंपनी गूगल नाही, मान्य. पण तिघांत हा गाडा ओढणं अवघड आहे हे तुमच्या सहनशक्तीवरून ठरत नाही, आकड्यांवरूनच दिसतं.

आता काम सांगते. पुढच्या ऑन-कॉलच्या आठवड्यात एक तक्ता ठेवा : वेळ, अलर्ट, मी काय केलं. तिसऱ्या रकान्यात खरं लिहायचं. मी बरीच वर्षं सर्व्हरची राखण केली आहे, त्यामुळे तुमच्या तक्त्यात काय निघेल याचा अंदाज आहे. ‘२.४०, डिस्क ८० टक्के भरली, पाहिलं, झोपले.’ ही बातमी आहे, सकाळी दहाला कळली तरी चालली असती. ‘३.१५, रिस्पॉन्स मंद, लॉगिन करेपर्यंत आपोआप ठीक.’ हा अलर्ट दहा मिनिटं सलग मंद राहिल्यावरच वाजायला हवा. ‘१.०५, रांग तुंबली, सर्व्हिस रीस्टार्ट केली.’ दर वेळी तीच एक कमांड द्यायची असेल तर ती मशीनने द्यावी. त्यासाठी चार वर्षांच्या पोरीला उठवायची गरज नाही. हे सगळं बाजूला काढल्यावर जे थोडे उरतील ते खरे. वापरणाऱ्याला आत्ता त्रास होतोय आणि माणसाने आत्ताच काहीतरी करायला हवं, या दोन्ही गोष्टी असतील तरच रात्री फोन वाजावा. बाकीच्यांचं टिकेट बनवा, म्हणजे कामाच्या यादीत नोंद करून ठेवा.

तो तक्ता घेऊन मॅनेजरकडे जा. मुलगी रडते हे त्यांना जरूर सांगा, पण सुरुवात तिथून करू नका. त्यावर सहानुभूती मिळेल, आणि सहानुभूतीने थ्रेशोल्ड (अलर्ट वाजण्याची मर्यादा) बदलत नाही. ‘रात्री एवढे अलर्ट आले, त्यांतल्या इतक्यांना माणसाची गरज नव्हती, ते दुरुस्त करायला पुढच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या पुढच्या टप्प्यात) जागा हवी’ असं म्हणा. सोबत तीन मागण्या ठेवा. रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशीची सकाळ सुट्टी. फ्रंटएंडवाल्यांनाही, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाग बनवणाऱ्यांनाही, पाळीत घ्यायचं. त्यासाठी कोणत्या अलर्टला काय करायचं याचं रनबुक आधी लिहावं लागेल, आणि ते झोपमोडीत वाचून तुम्हालाही कळेल इतकं सोपं हवं. तिसरी, शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय, म्हणजे नवा कोड चालू सिस्टिमवर चढवणं, बंद. गूगलचाच अनुभव असा की सुमारे ७० टक्के बिघाड चालू सिस्टिममध्ये केलेल्या बदलातून येतात. रात्री काही मोडलं तर आधी रोलबॅक करा, म्हणजे जुन्या चालत्या आवृत्तीवर परत जा; बिघाडाचं मूळ सकाळी शोधता येईल. दोन वाजता बसून बग (कोडमधली चूक) शोधणाऱ्याचं कौतुक करणारी टीम मला कधीच आवडली नाही.

घरापुरतं म्हणाल, तर ऑन-कॉलच्या आठवड्यात तुम्ही फोन घेऊन दुसऱ्या खोलीत झोपा, किंवा मनगटावर नुसतं थरथरणारं घड्याळ वापरा. मुलीला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की या आठवड्यात बाबाजवळ झोपायचं. ठरलेल्या गोष्टीला मुलं सहसा रडत नाहीत. रात्री अचानक आई उठून गेली की रडतात.

प्रश्न : मी घरून काम करतो. सातला लॅपटॉप बंद करतो, पण बग डोक्यातून जात नाही. जेवताना मुलगा शाळेतलं काहीतरी सांगत असतो आणि मी नुसतं ‘हं, हं’ करतो. बायकोची तक्रार आहे की मी घरात असून नसल्यासारखा. दिवसा मुलं दार ठोठावतात, मी ‘पाच मिनिटं’ म्हणतो आणि तास जातो. मला घरच्यांसाठीच तर हे करायचंय, पण कोणाला समजावून सांगू?

उत्तर : समजावणं थोडं बाजूला ठेवा, त्याआधी करण्यासारखं बरंच आहे.

तुमच्या डोक्यात जे रेंगाळतं त्यावर सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली लिहिलं. एका कामातून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामात अडकून राहतो, आणि काम अर्धवट असेल तर जास्तच. २०१८ मध्ये लेरॉय आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी त्यावरचा उपायही तपासला. उठण्यापूर्वी आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर पुढे काय करणार, हे थोडक्यात लिहून ठेवलं की ते अडकणं कमी होतं.

डेव्हलपरला हे जमण्यासारखं आहे. साडेसहानंतर नवं काही उघडू नका. टिकेटवर चार ओळी लिहा, म्हणजे साधारण अशा : ‘परताव्याची रक्कम दोनदा जाते. रीट्राय झाला तरच. शंका : टाइमआउटनंतर जुनी विनंती रद्द होत नाही. उद्या आधी लॉगमध्ये तोच आयडी दोनदा दिसतो का बघणे.’ ‘रीफंडचा बग बाकी’ एवढं लिहून उपयोग नाही, त्याने डोकं रिकामं होत नाही. त्याहून बरं म्हणजे तो बग पकडणारी, आत्ता नापास होणारी टेस्ट (कोड तपासणारा छोटा प्रोग्रॅम) लिहून उठा. सकाळी नापास टेस्टची ती लाल ओळ तुमची वाट बघत असेल. रात्रभर तुम्ही तिच्याकडे बघत बसायची गरज नाही.

आता ‘पाच मिनिटं’. अमेरिकी लेखक डग्लस हॉफस्टॅटर यांनी १९७९ साली मांडलेला एक नियम आपल्या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे : काम नेहमी अंदाजापेक्षा जास्त वेळ घेतं, हा नियम लक्षात घेऊन अंदाज केला तरीही. मॅनेजरला इस्टिमेट देताना तुम्ही दुप्पट सांगत असणार. मुलाला मात्र पाच मिनिटं सांगता! त्याला कालावधी सांगू नका, घड्याळातली वेळ सांगा, ‘साडेपाचला बाहेर येतो’, आणि गजर लावा. गजर झाला की वाक्य अर्धवट सोडून उठा, कोड मोडलेला असला तरी. दोनचार वेळा शब्द पाळलात की दारावरची थाप कमी होते. मुलं थाप मारतात ती बहुतेक वेळा तुम्ही येणार की नाही याचा भरवसा नसतो म्हणून.

कामांचीही वाटणी करा. मेल, कोड रिव्ह्यू, टिकेटं आवरणं मध्ये कोणी आलं तरी चालतं. ही कामं मुलं घरी असतात तेव्हाची. डीबगिंगचं, म्हणजे बग शोधून काढण्याचं, तसं नाही. सहा व्हेरिएबल डोक्यात धरून ठेवलेली असतात आणि ‘बाबा, कात्री कुठंय?’ एवढ्याने सगळी सांडतात. ते काम मुलं शाळेत असताना करा. हेडफोन कानावर असले की फक्त रक्त आलं तरच हाक मारायची, काढलेले असले की कधीही, असा नियम सांगून बघा. पण मग हेडफोन दिवसभर कानावर ठेवायचे नाहीत. आमच्या टीममधल्या एकाने तो नियम केला आणि आंघोळीपुरतेच हेडफोन काढायचा. त्याच्या घरी कोणी तो नियम पाळला नाही, आणि बरोबरच केलं.

‘घरच्यांसाठीच करतो’ हे वाक्य बायकोला म्हणू नका. खरं असेल, पण ते ऐकून आजवर कोणाचं समाधान झालेलं मी पाहिलं नाही.

प्रश्न : मॅनेजर रात्री अकराला मेसेज टाकतात आणि खाली लिहितात, ‘सावकाश बघ, घाई नाही.’ मला झोप लागत नाही.

उत्तर : त्यांना खरंच घाई नसेल. तुम्हाला ते कळत नाही, कारण पगार ते ठरवतात. त्यांना सरळ सांगा की मेसेज सकाळी नऊची वेळ लावून पाठवा, ही सोय आता बहुतेक ॲपमध्ये असते. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून. म्हणजे मागणी काही जगावेगळी नाही. आणि तुमच्या फोनवरच्या त्या ॲपला आठनंतर गप्प करायला मॅनेजरची परवानगी लागत नाही.

प्रश्न : दर वर्षी नवं फ्रेमवर्क (प्रोग्रॅम बांधायचा तयार सांगाडा) येतं. शनिवार-रविवार शिकण्यात जातो. बाळ सात महिन्यांचं आहे. मागे पडेन अशी भीती वाटते.

उत्तर : प्रोग्रॅमिंगची सी भाषा १९७२ ची, डेटाबेसला प्रश्न विचारायचं एसक्यूएल १९७४ चं, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट २००५ चं. अजून पोट भरतायत. जे हळू म्हातारं होतं ते नीट शिका : डेटाबेस, नेटवर्क, दुसऱ्याचा कोड वाचणं. फ्रेमवर्क ज्या दिवशी प्रोजेक्टमध्ये येईल त्या दिवशी ऑफिसच्या वेळात शिका. त्या शिकण्याला वेळ लागतो हे इस्टिमेटमध्ये लिहा. सात महिन्यांच्या बाळाच्या घरात रविवारी दुपारी सगळ्यांनी झोपावं.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेतल्या टीमबरोबर काम करतो. रात्रीची मीटिंग असते. नोव्हेंबर उजाडला की ती आणखी एक तास उशिरा सुरू होते. विचारलं तर म्हणतो, ‘आई, तिकडचं घड्याळ बदललं.’ आमच्याकडचं तर तेच आहे. तो मला उगाच काहीतरी सांगतोय का? जेवायला थांबू की नको?

उत्तर : खरं सांगतोय. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. २००७ पासून या तारखा आहेत. मीटिंग त्यांच्या सकाळी दहाला लावलेली असते. घड्याळ मागे गेलं की त्यांचे दहा उशिरा वाजतात, आणि ज्या देशात घड्याळ बदलत नाही तिथल्या माणसाची रात्र तासाने लांबते. युरोपातली मंडळीही त्याच मीटिंगमध्ये असतील तर आणखी गंमत, कारण त्यांचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. मार्चमधले दोनतीन आठवडे आणि शरदातला एक आठवडा कोणाचाच मेळ कोणाशी बसत नाही.

यावर उपाय आहे आणि तो तुमच्या मुलाने ऑक्टोबरमध्येच मागायला हवा, सगळ्यांच्या कॅलेंडरवर हिवाळ्याची आमंत्रणं पक्की होण्याआधी. मीटिंग जागतिक प्रमाणवेळेला बांधायची, म्हणजे हिवाळ्यात ते तिकडे तासभर लवकर बसतील. ते नको असेल तर गैरसोय आलटून पालटून घ्यायची, एक महिना यांची, एक महिना त्यांची. रोजच्या स्टँडअपला, म्हणजे छोट्या आढावा-बैठकीला, तर माणसं एकत्र यायलाच हवीत असं नाही. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, हे प्रत्येकाने आपापल्या सोयीने लिहून टाकलं तरी भागतं.

जेवायला थांबू नका. त्याच्याबरोबर बसायचं ते दुपारी बसा. पण त्याला एक विचारा की रात्री बाराला मीटिंग संपवून तो सकाळी किती वाजता लॉगिन करतो. नऊला परत बसत असेल, तर त्यात अमेरिकेच्या घड्याळाचा काही दोष नाही. सकाळी दोन तास उशिरा बसायची सूट त्याने मॅनेजरकडून मागून घ्यायची आहे, आणि ती त्यानेच मागायची. तुम्ही फोन करू नका.