सुपरचार्जरची पुली लहान केली तर पॉवर किती वाढते? मुंबईत कुठे करून मिळेल?

तुमची 2005 ची कॉम्प्रेसर, म्हणजे सुपरचार्जरवाली (पट्ट्यावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) मर्सिडीज आहे, लहान पुली लावून किती पॉवर मिळेल आणि ती मुंबईत कुठे बनवून मिळेल, असं तुम्ही विचारलंय. पुढे लिहिलंय, "लेथवाल्याने बनवलेली पुली आउट निघते आणि पट्टा खाते असं ऐकलंय." आउट म्हणजे फिरताना लहरणारी. त्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. भांडुपला माझी लेथ आहे, सव्वीस वर्षं हेच काम करतोय, आणि नेमका हाच आळ माझ्यावर आलाय.

चारेक वर्षांपूर्वी माझा आतेभाऊ अशाच गाडीचं काम घेऊन आला. त्याचं कुर्ल्याला गॅरेज आहे. वयाने मोठा, म्हणून मी दादा म्हणतो. जुनी पुली टेबलावर ठेवून म्हणाला, हिच्यापेक्षा लहान करून दे. जुनी मोजली, 68 मिमी भरली. नवी 60 ची ठरली. त्याला अ‍ॅल्युमिनियमची हवी होती, स्वस्तात पडते म्हणून. कडक अ‍ॅनोडायझिंग (पृष्ठभाग कडक करणारी प्रक्रिया) न करता अ‍ॅल्युमिनियम लावलं तर खाचा झिजतात, म्हणून मी ईएन8 पोलादाचा बार घेतला. सहा खाचा, दोन खाचांमध्ये 3.56 मिमी. या मापात थोडं इकडेतिकडे "चालतंय" असं कोणी म्हणाला तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका. शेवटचा कट झाल्यावर मँड्रेलवर (पुली अडकवून फिरवायच्या दांड्यावर) चढवून डायल, म्हणजे पुली किती लहरते ते दाखवणारा काटा, लावला. काटा 0.02 मिमीच्या आत राहिला.

पुली हातात देतानाच मी सांगितलं, "दादा, व्यास 8 मिमीने कमी झालाय. पट्ट्याचा वेढा अर्ध्या पुलीला धरला तरी पट्टा साडेबारा मिमी लांब पडणार. बारा-तेरा मिमी आखूड पट्टा घे." पट्ट्यावर 6पीके आणि पुढे जो आकडा छापलेला असतो, तो आकडा म्हणजेच मिलीमीटरमधली लांबी. दुकानात जाऊन फक्त तेवढं सांगायचं होतं. तो म्हणाला, "टेन्शनर घेतो ओढून. तू लेथवर बस, गाडीचं मला शिकवू नकोस." टेन्शनर म्हणजे पट्टा स्प्रिंगने ताणून धरणारा हात.

नवव्या दिवशी गाडी ऐरोली पुलावर बंद पडली. आधी बॅटरीचा दिवा लागला, मग टेम्परेचरचा काटा चढला. त्या इंजिनात सुपरचार्जर, अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एसी सगळं एकाच पट्ट्यावर चालतं, त्यामुळे पट्टा घसरला की सगळंच बसतं. दादाने ग्राहकासमोर मला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून म्हणाला, "तुझी पुली आउट आहे, पट्टा खाल्ला."

संध्याकाळी डायल घेऊन कुर्ल्याला गेलो. बॉनेट उघडल्याबरोबर जळक्या रबराचा वास आला. अल्टरनेटरच्या मागे काळी भुकटी साचली होती, बोट फिरवलं तर काजळीसारखी चिकटली. पट्टा काढून उलटा केला. खाचांच्या बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या होत्या, पण दोन्ही कडा शाबूत, एक धागासुद्धा सुटलेला नाही. पुली लहरत असेल किंवा लाइनमध्ये नसेल तर पट्ट्याची कड सोलली जाते, दोरे बाहेर येतात. बाजू चकचकीत आणि कड शाबूत, याचा अर्थ पट्टा घसरतोय, ताण कमी पडतोय. टेन्शनरकडे बघितलं तर त्याचा हात शेवटच्या टोकाला टेकलेला. स्प्रिंगला ओढायला जागाच उरली नव्हती. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत वर्कशॉपला होते, 1982 च्या संपापर्यंत. पट्टा घसरला तर आधी पुलीवरचा वेढा आणि ताण बघायचा, पुलीला दोष नंतर द्यायचा, हे मी त्यांच्याकडून शाळेत असताना शिकलो. लहान पुलीला वेढा मुळातच कमी मिळतो, त्यात ताण गेला तर काय होणार?

दादासमोर पुली पुन्हा डायलवर फिरवली. काटा तिथेच. तो म्हणाला, "असू दे." आखूड पट्टा टाकला आणि गाडी चालली. पण नात्यातल्या लग्नात आजही तो चार लोकांत सांगतो की लेथवाल्यांच्या पुल्यांचा भरवसा नाही.

आता पॉवरचं. 68 ची 60 केली की सुपरचार्जर 13 टक्के जास्त फिरतो. पॉवर मात्र 13 टक्के वाढत नाही. तो फिरवायला इंजिनाचीच ताकद लागते, आणि या पद्धतीचा सुपरचार्जर जोरात फिरवला की हवा खूप तापते. कागदावर 0.5 बारचा दाब 0.7 च्या आसपास जातो. पण ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ट्यून केला नसेल तर तो बायपासची झडप उघडून जास्तीचा दाब सोडून देतो, नाहीतर नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) ऐकून इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. तुमच्या काळातली सी180 आणि सी200 कॉम्प्रेसर, दोन्हींत इंजिन तेच 1796 सीसीचं, एकीला 143 आणि दुसरीला 163 हॉर्सपॉवर. माझ्या मते ट्यूनसकट 15 ते 20 हॉर्सपॉवर हाती लागले तर काम उत्तम झालं. नुसत्या पुलीने 40 वाढतात म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

मे महिन्यात एलबीएस रोडला अर्धा तास अडकून पुढे गॅस मारलात तर इंटरकूलर (ती तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) आधीच तापलेला असतो. दादाच्या त्या ग्राहकाची गाडी पहिल्याच उन्हाळ्यात नॉक करायला लागली. 95 च्या वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल टाकून थोडं बरं झालं, पण शेवटी त्याने मूळ पुली परत लावून घेतली.

आणि हो, कायदा. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ वर्णनाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यात मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. क्लेमच्या वेळी विमा कंपनीही हात वर करू शकते. हे खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

तरीही करायचंच असेल तर गॅरेज कुठलंही निवडा, पण पुली ताब्यात घेताना डायल समोर लावायला सांगा. पुली काढता-बसवताना पुलर आणि प्रेस वापरा, हातोडीने ठोकलीत तर सुपरचार्जरची पुढची बेअरिंग जाते. पट्टा चढल्यावर टेन्शनरचा हात मधोमध उभा आहे का ते स्वतः वाकून बघा, फोटो काढून ठेवा. ती 60 मिमीची पुली ग्राहकाने मला परत दिली, माझ्या ड्रॉवरमध्ये तेलाच्या फडक्यात आहे. भांडुपला आलात तर डायल लावून दाखवतो.