ओटीपी दिलात आणि तक्रार मिटली

प्रश्न थोडक्यात असा : इंदिरानगर, नाशिक. केबलवरचं इंटरनेट ८ महिन्यांपासून दिवसातून ५-६ वेळा तुटतं, पावसात तर तासातासाला. मोडेम एकदा बदलून झाला. ११ तक्रारी केल्या. माणूस येतो, मोडेम बंद-चालू करतो, ओटीपी घेऊन जातो. कंपनी म्हणते, दोष तुमच्या घरातल्या वायरिंगचा. शिवाय करारात लवादाची आणि मुंबईच्या न्यायालयांची अट आहे. वाचक घरून जीएसटी रिटर्न भरून देण्याचं काम करतात. बिल भरणं थांबवून ग्राहक आयोगात जावं का?

आयोगात जाता येईल. मात्र आजच गेलात तर हात हलवत परत याल, आणि त्याचं कारण तुमच्या पत्रात जाता जाता आलेल्या तीन शब्दांत आहे : ‘ओटीपी घेऊन जातो’. लवादाच्या अटीवर तुम्ही पान भरून लिहिलंत, यावर अर्धी ओळही नाही.

ओटीपी म्हणजे तुमची सही. तो दिलात की कंपनीच्या नोंदीत तक्रार निवारण होऊन बंद. उद्या त्यांचे वकील ११ नोंदी पुढे ठेवतील आणि म्हणतील, ११ वेगवेगळ्या किरकोळ तक्रारी होत्या, सगळ्या मिटल्या, प्रत्येक वेळी ग्राहकानेच तसं कळवलं. ८ महिन्यांच्या एका दोषाचे असे ११ तुकडे कंपनीने केले नाहीत, तुम्ही करून दिलेत. कोऱ्या कागदावर कुणी सही मागितली तर आपण दार लावून घेतो, आणि तेच चार आकडे उंबऱ्यात उभ्या असलेल्या पोराला तोंडी सांगून टाकतो. अशा प्रत्येक दुसऱ्या पत्रात हेच असतं.

तेव्हा आता बारावी तक्रार करा, लेखी. ‘नेट बंद आहे’ असं लिहू नका. माणूस पोचेपर्यंत नेट चालू झालेलं असतं आणि तेवढ्यावर तक्रार बंद होते. ‘जोडणी वारंवार तुटते, ८ महिन्यांपासून हाच दोष, आधीच्या तक्रारींचे क्रमांक असे असे’ असं लिहा. एसएमएसवर आलेला डॉकेट क्रमांक जपून ठेवा. माणूस आला की त्याला काम करू द्या, ओटीपी मात्र ३ दिवस अखंड चालल्यावर. ओटीपीशिवायच तक्रार बंद केली, तर त्याच दिवशी ‘दोष कायम आहे’ असा ईमेल टाका.

तक्रार सोडवण्याची मुदत संपली की कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करायचं. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक; त्यांच्या २०१२ च्या नियमांनुसार त्यावर ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो आणि फी नसते. आयोगात जाण्याआधी ही पायरी सक्तीची नाही, पण उघडी तक्रार आणि अपिलाचं उत्तर हातात असलं की ‘सगळं मिटलं होतं’ हा बचाव उरत नाही. थेट ट्रायला पत्रं लिहीत बसू नका, ते एकेकट्या ग्राहकाचे वाद सोडवत नाहीत.

दुसरा मुद्दा : दोष स्प्लिटरच्या, म्हणजे एका वायरीच्या दोन-तीन वाटा करणाऱ्या डबीच्या, कुठल्या बाजूला आहे? गच्चीवरून आलेली वायर घरात शिरते तिथे बहुधा टीव्हीच्या काळातला दोन किंवा तीन तोंडांचा स्प्लिटर असतो. दोन तोंडांचा प्रत्येक तोंडाला साधारण ३.५ डीबी (डेसिबल) सिग्नल खातो, तीन तोंडांच्याची काही तोंडं ७ पर्यंत. तो काढा आणि बाहेरून आलेली वायर थेट मोडेमला लावा. दोन दिवस नेट टिकलं तर कंपनी खरं बोलतेय. नवा स्प्लिटर नाहीतर सरळ जोड घ्या आणि आयोगाचा नाद सोडा.

तरीही तुटत असेल तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ उघडा. बहुतेक केबल मोडेमचं माहितीचं पान तिथे मिळतं. येणाऱ्या सिग्नलची पातळी उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीमध्ये (हे सिग्नल मोजायचं एकक) आणि एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, ३३ डीबीच्या वर असावा. मोडेमकडून जाणाऱ्या सिग्नलची पातळी ५० च्या आसपास चढली असेल, तर मोडेम जिवाच्या आकांताने ओरडतोय आणि पलीकडे नीट ऐकू जात नाही, असं समजा. त्याच पानावरच्या मोडेमच्या नोंदवहीत ‘टी-३ टाइमआउट’च्या ओळींवर ओळी म्हणजे तेच : मोडेमच्या हाकेला उत्तर आलेलं नाही. स्प्लिटर काढल्यावरही हे दिसलं, तर दोष बाहेर असण्याचीच शक्यता जास्त. पाण्याच्या टाकीला बांधलेल्या वायरीच्या जोडात पाणी शिरलेलं असतं, किंवा खांबावरचा ॲम्प्लिफायर बिघडलेला असतो. पावसात जास्त तुटतं हे तुम्ही लिहिलंच आहे. गच्चीवरचा जोड कंपनीच्या माणसालाच उघडायला लावा. मधल्या तारेवर काळपट-हिरवा थर असेल तर फोटो घ्या.

या पानाचा फोटो माणूस मोडेम बंद करायच्या *आधी* काढा, काही मोडेममध्ये वीज गेली की नोंदी पुसल्या जातात. काही ओळींवर १ जानेवारी १९७० अशी तारीख दिसेल. घाबरू नका. जोडणी तुटून मोडेम नव्याने सुरू झाला, पण नेटवर्ककडून वेळ मिळायची होती, तेव्हाच्या त्या नोंदी आहेत. हे शपथपत्रात लिहा, नाहीतर समोरचे वकील त्याच तारखेवर हशा पिकवतील. फोटोंसोबत डिजिटल पुराव्याला लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या कायद्याबाबत न्यायालयाइतका काटेकोर नसतो, पण कशाला वाव द्या.

करारातल्या अटींनी दबून जाऊ नका. लवादाची तरतूद असली तरी दूरसंचार ग्राहकाला आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ ला स्पष्ट केलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

जीएसटीच्या कामावरून ‘व्यापारी हेतू’चा, म्हणजे तुम्ही कायद्याने ग्राहकच नाही असा, आक्षेप येईल. एकट्याने पोटापाण्यासाठी करत असाल तर स्वयंरोजगाराचा अपवाद मिळायला हवा. जोडणी फर्मच्या नावाने असेल किंवा हाताखाली माणसं असतील, तर मी खात्री देणार नाही.

आयोगात जाण्याची मुदत २ वर्षांची, त्याच कायद्याचं कलम ६९. पहिली तक्रार ८ महिन्यांपूर्वीची, म्हणजे वेळ आहे, पण मधल्या ईमेलांनी ती वाढते या भ्रमात राहू नका. कायदा म्हणतो ३ महिन्यांत निकाल. कंपनीला उत्तराला ३० आणि फार तर आणखी १५ दिवस. प्रत्यक्षात तारखा कशा पडतात ते विचारू नका. म्हणून मागणी आटोपशीर ठेवा : बंद दिवसांचं भाडं, अनामत, माफक भरपाई, खर्च. कॅलेंडरवर तुटल्याच्या वेळा रोज लिहा.

स्थानिक केबलवाला आणि परवानाधारक कंपनी दोघांनाही पक्षकार करा. पैसे केबलवाल्याच्या खासगी नंबरवर यूपीआयने जात असतील तर याच महिन्यापासून कंपनीच्या नावाचं बिल मागा. आणि बिल थांबवू नका. थकबाकीपोटी जोडणी तोडली की वाद तुमच्या थकबाकीचा होतो. भरा, आणि भरताना ‘हक्क राखून भरत आहे’ एवढी एक ओळ ईमेलने कळवा.