वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) कॅव्हिओलिन-१ची पट्टी दिसत नाही?

भाऊ, अँटिबॉडीला दोष देण्याआधी सेंट्रिफ्यूजनंतर फेकलेल्या गाळाचा विचार कर. कॅव्हिओलिन-१ हे पेशीच्या पटलातलं प्रथिन, ते थंड ट्रायटन एक्स-१०० या सौम्य डिटर्जंटमध्ये नीट विरघळत नाही. नवखे वरचं द्रावण जपतात आणि हवं ते प्रथिन कचऱ्यात जातं. म्हणून एसडीएस हा तीव्र डिटर्जंट असलेला बफर घे.

- फुफ्फुसाचा किंवा चरबीचा नमुना सोबत हवाच, तिथे ते भरपूर असतं. जर्कॅट पेशींत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी टी-पेशी) ते जवळपास नसतं, म्हणून त्यांची लेन, म्हणजे जेलमधला त्या नमुन्याचा रकाना, कोरी राहायला हवी. या दोन लेन नसतील, तर निकाल मला दाखवूसुद्धा नको!
- पट्टी २१ ते २४ किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचं माप) शोध.
- अँटिबॉडी आल्याआल्या छोट्या भागांत वाटून ठेव. जळगावचा मे महिना, त्यात वीज गेली की फ्रीजरचा भरवसा नाही.

पेशींना रंगवून मायक्रोस्कोपखाली बघणं नंतर.